झाकणांचा राखणदार

४ मार्च
सरकारी दवाखाना, हाडांचा वॉर्ड

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला थोरल्या भावाने आशीर्वाद लिहायचा असतो. मी लिहिणार नाही.

फोन केला असता, पण माझा फोन गटारात आहे आणि तुझा बंद आहे. म्हणून ताईकडून कागद मागवले. तू मावशीकडेच गेला असणार. लहानपणी कुणाची काच फोडलीस की तू तिच्या माळ्यावर जाऊन बसायचास. आता तुझं वजन वाढलंय आणि माळा तोच आहे. जपून बस.

माझा डावा पाय मांडीत मोडलाय आणि घोट्यातही. पायाला दोरी बांधलीय, ती कप्पीवरून पलंगाच्या पलीकडे जाते आणि तिच्या टोकाला वजन आहे. वजन बिडाचं आहे. दिवसभर डोळ्यांसमोर बीड लोंबकळत असतं. सिस्टर म्हणाली, "त्या वजनाला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "बाई, आता जन्मात लावणार नाही." ती हसली. मी हसलो नाही.

काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तू ते तुझ्या सोयीने लक्षात ठेवलं असशील. भरदुपार होती. बेकरीचा रस्ता. आपली नारिंगी जाकिटं, रस्त्यावर मांडायचे नारिंगी कोन, सगळं नेहमीसारखं. अंधारात गटाराचं बिडाचं झाकण उचलतो तो चोर आणि उजेडात उचलतो तो नगरपालिकेचा माणूस, हे तुला मीच शिकवलं, आणि आजवर आपल्याला कुणी हटकलं नाही. उलट एक म्हातारी पाणी देऊन गेली होती. तर झाकण निघालं, टेम्पोत चढलं. पुढे हातगाडी आडवी आली म्हणून तू टेम्पो मागे घ्यायला लागलास आणि मी मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' करत होतो. तोंड टेम्पोकडे, पाठ भोकाकडे. भोक आपणच उघडलेलं. मी 'येऊ दे' म्हणत म्हणत त्यात गेलो.

खालून मी ओरडलो. नाव घेतलं नाही, नुसतं 'अरे' म्हटलं. तेवढी अक्कल त्या घाणीतही शाबूत होती. वरून टेम्पोचा आवाज आला. आधी थांबल्याचा, मग गेल्याचा. त्या दोन आवाजांच्या मध्ये काय झालं, एवढंच मला विचारायचंय. तू मला पडताना बघितलंस की नाही? हो किंवा नाही, एका शब्दात कळव. पानभर कारणं नकोत.

बेकरीवाल्यांनी पिठाच्या पोत्यांची दोरी सोडून मला वर ओढलं. बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगाच्या वासाने गर्दी मागे सरकली, पण जाकीट बघून पुन्हा पुढे आली. "बिचारा ड्यूटीवर होता," कुणीतरी म्हणालं. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की माणसाला कमी प्रश्न विचारतात.

ताई लाँड्रीतून तशीच धावत आली. माझ्याकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं, आणि त्याची चेन गळ्यापर्यंत ओढली, आतला फुलाफुलांचा शर्ट दिसू नये म्हणून. तिला सगळं माहीत आहे, बारक्या. नेहमीच माहीत होतं. आपण उगाच इतकी वर्षं तिच्याशी भलतंसलतं बोलत राहिलो.

दादा


११ मार्च

बारक्या,

तुझा एक शब्द अजून आलेला नाही. इकडे काय चाललंय ते ऐक आणि माळ्यावर बसून हसू नकोस.

काल नगरपालिकेचे साहेब पुष्पगुच्छ घेऊन आले. मागे फोटोवाला. साहेबांनी विचारलं, "कुठल्या ठेकेदाराकडे आहात?" मी कण्हलो. त्यांनी पुन्हा विचारलं, मी जास्त मोठ्याने कण्हलो. मग त्यांच्याबरोबरचा कारकून म्हणाला की, पाण्याचा ठेकेदार म्हणतो हा माणूस रस्त्याच्या ठेकेदाराचा असेल, आणि रस्त्याचा म्हणतो पाण्याच्या. साहेब म्हणाले, "आपल्या जाकिटात, आपल्या भोकात पडला, म्हणजे आपलाच." झालं. पेपरात आलंय की झाकण चोरीला गेलेलं बघून हा कर्मचारी लोकांना सावध करायला भोकापाशी उभा राहिला आणि तोल जाऊन पडला. मी वाचलं तेव्हा क्षणभर मलाही माझा अभिमान वाटला.

साहेबांनी कायम नोकरीचं बोलून ठेवलंय. आई जाईपर्यंत म्हणत होती, दोघांतला एक तरी सरकारी नोकरीत चिकटू दे. तिचं देवाने ऐकलं, पण काय पद्धतीने ऐकलं बघ.

खरा त्रास पुढेच आहे. माझ्या शेजारच्या पलंगावर एक बँडमास्तर आहे. ट्रम्पेट वाजवतो. म्हणजे वाजवायचा. लग्न असो, मयत असो, दुकानाचं उद्घाटन असो, हा सगळ्यांच्या पुढे डोळे मिटून वाजवत चालायचा. पोस्टाच्या कोपऱ्यावर असाच चालत होता. झाकण नव्हतं. गळ्याचं हाड मोडलं ते जुळेल, पण पडताना ट्रम्पेट तोंडावर आपटलं आणि पुढचे दात सगळे गेले. ओठांमागे दात नसले तर फुंकर नुसतीच फुस्स जाते, असं तो सांगतो.

पोस्टाच्या कोपऱ्यावरचं आपलंच, बारक्या. "इकडून चालतंय कोण," असं तू म्हणाला होतास.

त्याचं बोलणं फक्त त्याच्या सुनेला कळतं. आता मलाही कळायला लागलंय. इथे मी ते तुझ्यासाठी दात लावून लिहितो. दिवस उजाडला की तो चोरांना काय शिक्षा द्यावी यावर बोलायला लागतो. परवा म्हणाला, गळ्यात झाकण बांधून नदीत सोडावं. काल म्हणाला, नको, त्यात फार लवकर सुटतील. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझाही पाय गेलाय. तू सांग, काय करावं?" आता मी काय बोलणार? गप्प बसलो तर संशय यायचा. म्हणून म्हटलं, त्यांना त्याच गटारात उतरवावं आणि वरून झाकण बसवून त्यावर बँड वाजवावा. ते त्याला इतकं आवडलं की त्याने सुनेला बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. सुनेने मला सूप पाजलं. ती रोज दोघांपुरतं आणते. बाई सुगरण आहे.

दादा


१९ मार्च

बारक्या,

हवालदार येऊन गेला. घाबरू नकोस, आधी वाच.

त्याच्या मते मी चोरांना बघितलंच असणार, कारण झाकण काढून ते जाताहेत आणि मी तिथे पोचतोय, असा प्रसंग त्याने स्वतःच रचला होता. माझं काम फक्त हो म्हणायचं. मी म्हटलं, एकच होता, पाठमोरा होता, धूळ होती. "पाठमोरा तर पाठमोरा, पण काहीतरी दिसलं असेल की," तो म्हणाला आणि पलंगाच्या कडेला बसला, नेमका माझ्या दोरीवर. वजन वर गेलं, माझा जीव त्याच्याबरोबर वर गेला.

त्या कळांत मी बोललो. काहीतरी बोलायलाच लागणार होतं, आणि तुझ्यासारखं काही निघून चालणार नव्हतं. तू बारीक, म्हणून मी जाडा सांगितला. तू गुळगुळीत, म्हणून आपल्या भंगारवाल्याच्या मिशा लावल्या. पोट मामाचं घेतलं. जुन्या घरमालकाच्या कानात बाळी होती, ती घातली. चालताना जरा फेंगडा चालतो असंही जोडून दिलं. इतक्या ठिकाणचं सामान एका माणसात एकत्र येणार नाही, अशी माझी खात्री होती.

हवालदार खूश झाला. म्हणाला, "याला म्हणतात निरीक्षण." शेजारून मास्तरांनी डाव्या हाताने माझ्या पलंगाची कड थोपटली.

तुला वाचवलंय. तू त्याची परतफेड म्हणून निदान एक कार्ड टाक. तू मला तिथे टाकून गेलास की तुला कळलंच नाही, याचा मी दिवसभर विचार करतो. आधी वाटतं कळलं नसेल. मग तो थांबल्याचा आवाज आठवतो.

दादा


२६ मार्च

बारक्या,

असा माणूस जगात आहे.

मिशा, पोट, बाळी, फेंगडी चाल, सगळं आहे. शाळेच्या फाटकाशी आइस्क्रीमची हातगाडी लावतो. हवालदाराने त्याला धरलाय आणि काल ओळख पटवायला वॉर्डात घेऊन आला. पोलिसांचं म्हणणं, झाकण आइस्क्रीमच्या पेटीत घालून नेलं. मी हवालदाराला म्हटलं, "साहेब, पेटीचं तोंड केवढं, झाकण केवढं."

"उभं घातलं."

"आणि आतलं आइस्क्रीम?"

"वितळलं."

बिचाऱ्याचा ओठ सुजला होता. सगळं कबूल करून बसला होता. आपण काढलेली झाकणं तर कबूल केलीच, आपण न काढलेलीही केली. एक पुतळ्याभोवतीची साखळी कबूल केली, ती कुणी नेली ते मला माहीत नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, तुम्ही तरी सांगा." दारात त्याची बायको उभी होती, त्याच्या चपला हातात घेऊन. त्याला अनवाणीच उचलला होता.

मी तोंड उघडणार, इतक्यात मास्तर पलंगावरून उठले. एक हात गळ्यात अडकवलेला. दुसऱ्या हाताने त्यांनी पलंगाखालचं लघवीचं भांडं उचललं आणि त्या माणसाच्या डोक्यात घातलं. भांडं जवळजवळ रिकामं होतं. वॉर्डबॉय, सिस्टर, हवालदार असे सगळे मिळून त्यांना मागे ओढत होते आणि ते दात नसलेल्या तोंडाने ज्या शिव्या देत होते त्या कुणालाही लागत नव्हत्या, मला सोडून. मला सगळ्या कळत होत्या.

मी म्हटलं, "हा तो नाही."

हवालदार वहीत बघून म्हणाला, "मिशा?"

"मिशा त्याच."

"पोट?"

"पोट तेच."

"बाळी?"

"बाळीही तीच."

"मग राहिलं काय?"

"माणूस," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. हवालदाराने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "घाबरू नका, तो आता बाहेर येत नाही. शूर माणसालाही दहशत बसते." आणि लिहून घेतलं की साक्षीदाराला दहशत बसली आहे. माझं 'नाही' त्याने कुठेच लिहिलं नाही.

सगळं खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पाय बांधलेला आहे, तोंड बांधलेलं नाही, हे मलाही कळतं. पण मी बोललो की तू जातोस, आणि तुझा आत दोन दिवसही निभाव लागायचा नाही. तुला अंघोळीला गरम पाणी लागतं.

म्हणून दुसरा रस्ता सुचतोय. तो माणूस आत असताना शहरात एक झाकण चोरीला गेलं तर चोर बाहेर आहे हे हवालदाराच्याही डोक्यात शिरेल. तू येऊन एकच काढ. लहान गल्लीतलं, हलकं बघून. भंगारात विकू नकोस, कुठेतरी झुडपात टाकून दे. आणि भोक उघडं सोडू नकोस. त्यावर काहीतरी ठेव, लांबून दिसेल असं. आता अजून कुणी माझ्या शेजारच्या पलंगावर आलेलं मला चालणार नाही.

हे पत्र जाळ. मावशीच्या चुलीत नको, ती अर्धवट जळलेले कागद वाचते.

दादा


६ एप्रिल

बारक्या,

तुझं कार्ड आणि तुझं काम एकाच दिवशी कळलं.

कार्डावर लिहिलंयस, 'दिसला होतास. घाबरलो. झाकणाचं बघतो.' एका शब्दात कळव म्हटलं होतं, तू तीन वाक्यं लिहिलीस, म्हणजे तुझ्या मानाने ते पुराणच झालं. मी ते वाचून उशीखाली ठेवलं. मग काढून पुन्हा वाचलं. मला वाटलं होतं, 'हो' आलं तर मी तुला फाडून खाईन. आलं तेव्हा नुसता थकवा आला. गटाराच्या तोंडाशी येऊन, खाली बघून, मग टेम्पोत जाऊन बसणारा तू मला डोळ्यांसमोर दिसतोस. लहानपणी आईला घेरी आली तेव्हाही तू असाच दारातून पळाला होतास, आणि शेजारीपाजारी सगळ्यांनी तुला शोधलं, आईला सोडून.

आता कामाचं. मी एक झाकण म्हटलं होतं. तू दवाखान्याच्या फाटकापासून पोलीस चौकीपर्यंत अख्खा रस्ता उघडा केलास. हवालदारावर असा सूड उगवतात का कुणी? ताई सांगत होती, प्रत्येक भोकावर तू काही ना काही मांडून ठेवलं होतंस. एकावर मोडकी खुर्ची, एकावर कपाटाचं दार, एकावर टायर, एकावर लाल फडकं बांधलेली फांदी. आणि चौकीसमोरच्या भोकावर हवालदाराचीच मोटारसायकल. त्याला दुपारपर्यंत कळलंच नाही की खाली झाकण नाही. तो गाडी बाजूला घ्यायला गेला तेव्हा कळलं. पडला नाही, पण त्याची टोपी आत गेली.

त्या संध्याकाळी आइस्क्रीमवाला सुटला. तो बायकोला घेऊन मला भेटायला आला होता. तुम्ही 'नाही' म्हणालात म्हणून हे आज घरी आले, असं म्हणून तिने माझ्या हाताला हात लावला. मला वाटलं, पलंगाखाली जावं. मास्तरांनी त्या माणसाची माफी मागितली. त्याला त्यांचं बोलणं कळलं नाही, मी समजावून सांगितलं. असा मी दोघांच्या मध्ये बसून माफ्या पोचवत होतो.

आणि एक. तू दवाखान्याच्या फाटकाशी झाकण काढलंस, म्हणजे माझ्या खिडकीखाली होतास. वर आला नाहीस. खाली कुणीतरी माझ्यासाठी केळी ठेवून गेलं. वॉर्डबॉयला विचारलं, तर म्हणे तुमच्या नगरपालिकेचाच कुणीतरी होता, नारिंगी जाकिटातला. केळी कच्ची होती. अजून पिकताहेत.

दादा


२८ एप्रिल

बारक्या,

मी घरी आलोय. कुबड्या आहेत. नोकरीही लागली. खांद्यावर पट्टी, गळ्यात शिट्टी, आणि नाव 'झाकण निरीक्षक'. पाण्याच्या टाकीमागची पत्र्याची खोली मला दिलीय. तिथे नवी सिमेंटची झाकणं रचलीत, जी कुठलाच भंगारवाला घेणार नाही. जुनी बिडाची काढून ही बसवायची. म्हणजे बारक्या, मला आता बिडाची झाकणं काढायचा पगार मिळतो. मी पहिल्या दिवशी त्या खोलीत बसून इतका हसलो की शेजारच्या पंपवाल्याने येऊन विचारलं, काही दुखतंय का.

आज मास्तर आले. हाड जुळलंय. तोंडात कवळी आहे, त्यामुळे बोलणं आता सगळ्यांना कळतं. बसले, पाणी प्यायले, इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाले, "त्या दिवशी मी त्या जाड्याला मारलं. तू का नाही मारलंस?"

"मास्तर, माझा पाय बांधला होता."

"हात मोकळे होते. तू शिवीसुद्धा दिली नाहीस. पाय मोडणारा समोर उभा आणि तू त्याच्यासाठी रडतोस. माझ्या तेव्हाच लक्षात आलं." मग म्हणाले, "भाऊ आहे ना तुला? तुझी बहीण पत्रं टाकायला न्यायची, ती त्यालाच ना?"

माझी कुबडी हातातून पडली. ती त्यांनीच वाकून उचलून दिली.

मी विचारलं, हवालदाराला का नाही सांगितलंत. म्हणाले, "सांगणार होतो. रोज सकाळी ठरवायचो. पण तुम्ही आत गेलात तर माझ्या हाती काय लागणार? दात काही परत यायचे नाहीत. कवळी लावून फुंकलं की आधी कवळी बाहेर येते, सूर नंतर. बँड बसलाय. पोरं बसून आहेत. पुढे वाजवणारा नाही." मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "भावाचे दात कसे आहेत?"

बारक्या, मला वाटलं तुझे पाडणार. माझ्या डोळ्यांसमोर पक्कड आली. खोटं बोलायचं सुचलंच नाही. म्हटलं, "चांगले आहेत. बाटलीचं बूच दाताने काढतो."

"आणि छाती?"

"झाकण एकट्याने उचलतो."

"मग त्याला माझ्याकडे पाठव," मास्तर म्हणाले. "मी शिकवीन. माझं तोंड गेलंय, कान शाबूत आहेत. तो माझ्या घरी राहील, माझ्या समोर वाजवेल, बँड पुन्हा उभा राहीपर्यंत. आला नाही तर मी हवालदाराकडे जातो, आणि मग तूही चल बरोबर."

मी त्यांना सांगितलं की तुला सुराचं काही कळत नाही. तू आंघोळ करताना गायलास की शेजारी खिडक्या लावतात. म्हणाले, "मलाही सुरुवातीला कळत नव्हतं. माझ्या बापाने मारून शिकवलं. मी मारणार नाही. पण सोडणारही नाही."

मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, याचा मी त्यांच्या पाठीकडे बघत विचार करत होतो. मी त्यांना वॉर्डात जी शिक्षा सुचवली होती, त्यापेक्षा ही बरी आहे. की वाईट आहे, ते तुला कळेल.

तर ये. मी तुला आजवर कधी विनंती केली नाही, हुकूमच केले. ही विनंतीही नाही आणि हुकूमही नाही. माळ्यावरून उतर आणि ये. तू पळालास तर मी तुला शोधायला येऊ शकत नाही, हे तुला माहीत आहे, आणि त्याचा फायदा घ्यायचा की नाही ते तूच ठरव. मला आता तुझ्यासाठी खोटी माणसं रचायची ताकद नाही. रचली की खरी निघतात.

दादा


२१ जुलै

बारक्या,

एकाच शहरात राहून भावाला पत्र लिहायची वेळ आली. मास्तरांना मी तीनदा विचारलं, भेटू द्या. ते म्हणतात, "तुम्ही दोघं एकत्र आलात की काहीतरी उचलता. एक गाणं न अडखळता वाजवू दे, मग भेटा." त्यांच्या सुनेकडे ही चिठ्ठी देतोय.

तू आलास त्या दिवशी ताईने तुला लांबून बघितलं, हातात पिशवी, मास्तरांच्या दाराची कडी वाजवायला हात वर केलेला आणि तो वरच राहिलेला. ती म्हणाली, "मी कोपऱ्यावर उभी राहिले. पळाला असता तर मीच धरणार होते." तू पळाला नाहीस. शेवटी मास्तरांनीच आतून दार उघडलं.

पहिल्या महिन्यात मी कामावरून घरी जाताना त्या गल्लीतून मुद्दाम वळसा घालायचो. कसला आवाज यायचा. टेम्पोचा गिअर अडकावा तसा. गल्लीतल्या लोकांनी नगरपालिकेत तक्रार केली आणि साहेबांनी ती माझ्याकडेच पाठवली, कारण कुठलीही तक्रार आली की आता ती माझ्याकडे पाठवायची असं त्यांनी ठरवलंय. मी लिहून दिलं की आवाज झाकणाखालून येत नाही, सबब आमचा संबंध नाही. आतून मास्तर ओरडत असायचे, "परत. परत. श्वास पोटातून घे, खांद्यातून नको." मी तिथे कुबडी टेकून उभा राहायचो आणि मला राग यायचा. कुणावर ते कळत नव्हतं. तुला मी इतकी वर्षं बरोबर घेऊन फिरलो आणि तुला श्वास घ्यायला मी शिकवलं नाही, हा माणूस शिकवतोय, असलं काहीतरी. मूर्खपणा आहे. माझं दुखणं पायात आहे आणि मी छातीत शोधतो.

आइस्क्रीमवाला बरा आहे. मी रोज त्याच्याकडून एक घेतो. मला आवडत नाही, घसा धरतो, पण घेतो. तो पैसे घेत नाही, मग भांडण होतं. रोजचंच झालंय.

गुरुवारी कापड दुकानाच्या उद्घाटनाला बँड निघाला तेव्हा मी चौकात झाकण बसवत होतो. आधी ढोलाचा आवाज आला. मग पोरं दिसली, आणि पुढे तू. लाल कोट तुला मोठा होतो, बाह्या दुमडून घेतल्या होत्यास. गाल असे फुगले होते की मी ओळखलंच नाही आधी. डोळे उघडे होते, रस्त्याकडे. मास्तर शेजारून चालत होते, एक हात तुझ्या पाठीवर, बोटांनी ताल देत. वळणावर तू चुकलास. सूर फाटला, दुकानदाराने तोंड वाकडं केलं. मला वाटलं, आता हा ट्रम्पेट टाकून पळणार. मी शिट्टी तोंडात धरली होती, कशाला धरली होती कुणास ठाऊक. तू पळाला नाहीस. पुढचा सूर पकडलास आणि चालत राहिलास. मास्तरांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. हसले नाहीत, पण कवळी दिसली.

संध्याकाळी त्यांची सून निरोप घेऊन आली. अडखळलास तरी थांबला नाहीस, म्हणून मास्तरांनी अट सैल केलीय. रविवारची सुट्टी दिलीय तुला, दुपारपुरती.

तेव्हा रविवारी घरी ये. मला तुझ्यावर राग आहे, तो काही एका दुपारीत जाणारा नाही, तू समोर बसलास तर कदाचित वाढेलही. तरी ये. ताईने जेवण करायचं ठरवलंय, तुझ्या आवडीचं सगळं. मी तुझ्यासाठी बादलीभर पाणी तापवून ठेवतो.

येताना काही आणू नकोस. हे मी रीत म्हणून लिहीत नाही. खरंच, काहीही आणू नकोस.

दादा